जळालेली आरएक्स-७ पुन्हा सुरू होते, उद्याची रोटरी होईल का?

रोटरी इंजिन पुन्हा बातम्यांत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये माझदाने ‘व्हिजन एक्स-कूपे’ ही संकल्पना गाडी दाखवली. दोन रोटरचं टर्बो इंजिन, जोडीला मोटर आणि बॅटरी, सगळं मिळून ५१० पीएस. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने रोटरीवर काम करणारा ३६ इंजिनिअरांचा गट पुन्हा उभा केला होता. म्हणजे नुसत्या जुन्या आठवणी काढणं चाललेलं नाही, पगार देऊन माणसं बसवली आहेत.

या बातम्यांच्या आडोशाला एक छोटी घडामोड चालू आहे, ती जुन्या रोटरी गाड्यांची. आरएक्स-७ ची तिसरी पिढी, जिला सगळे ‘एफडी’ म्हणतात, १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अमेरिकेत ती जेमतेम १९९३ ते १९९५ अशी तीन मॉडेल वर्षं विकली गेली. तिथल्या नियमाप्रमाणे परदेशात बनलेली गाडी २५ वर्षांची झाली की सुरक्षेच्या अमेरिकी निकषांत न बसताही आयात करता येते. शेवटच्या १,५०० ‘स्पिरिट आर’ गाड्या २००२ च्या, म्हणजे त्यांचा नंबर २०२७ मध्ये लागतो. साहजिकच एफडीचे भाव चढलेत. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हणून सोडून दिलेली, बॉनेटखाली जळालेली एफडी पूर्वी सरळ सुट्या भागांसाठी गेली असती. आता अशी गाडी लिलावात घेऊन पुन्हा उभी करणारे लोक आहेत, आणि ते पाहणारे आपण आहोत.

असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. काळवंडलेलं इंजिन, प्रेशरच्या पाण्याने निघणारी काजळी, मधले काही महिने, मग एक दिवस स्टार्टर फिरतो, धूर निघतो, टाळ्या पडतात. मला खटकतो तो हा शेवट. जळालेल्या गाडीचं इंजिन सुरू झालं, यातून गाडीबद्दल फारच थोडं कळतं. एफडीच्या बाबतीत तर मी म्हणेन की लोक ज्याला घाबरतात ते रोटरी इंजिन या सगळ्या भानगडीतला सर्वात तपासण्याजोगा भाग आहे. खरी भीती बाकीच्या गाडीची असते. आणि पुढच्या पिढीच्या रोटरीत तर ती भीती अशा जागी जाऊन बसली आहे जिथे पाना पोचत नाही.

आधी, ती पेटते का?

रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. मधे किंचित चिमटलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरची एक फेरी होते तोवर शाफ्टच्या तीन होतात. कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची, पहिली गाडी एनएसयू कंपनीची, पण चिकाटी माझदाची.

या रचनेत जळण्याची जागा लांबट आणि चपटी असते. सगळं मिश्रण वेळेत जळत नाही, उरलेलं एक्झॉस्टकडे जाता जाता जळत राहतं. त्यामुळे रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापतो. एफडीच्या १३बी-आरईडब्ल्यू इंजिनात त्या एक्झॉस्टला एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो लावलेत. आता गंमत अशी की या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला असतात. इनटेक वर, एक्झॉस्ट आणि टर्बो खाली. इंजेक्टर आणि पेट्रोलचे रबरी होजपाइप इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात. म्हणजे एखादा होजपाइप कडक होऊन चिरला, की पेट्रोल जिथे ठिबकू नये नेमकं त्याच दिशेला ठिबकतं.

तीस वर्षं रोज भाजलेलं रबर वरून काळं, गुळगुळीत आणि निर्दोष दिसतं. हाताने वाकवल्यावर कळतं. पण वाकवायला आधी वरचं मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, म्हणून कोणी वाकवत नाही. शिवाय गाडी बंद केल्यावर कूलंट आणि हवा दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. गाडी उभी केल्यावर पेटली असं कोणी सांगितलं तर त्यात अशक्य काही नाही.

पुढच्या आरएक्स-८ मध्ये टर्बो नव्हते, तरी उष्णतेने पाठ सोडली नाही. इंजिन आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने फ्युएल पंपाच्या सीलिंग रिंगला तडा जाऊन पेट्रोल गळू शकतं, या कारणाने २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ अमेरिकेत २०१६ मध्ये परत बोलावल्या गेल्या. रबर आणि प्लॅस्टिक उष्णतेपुढे वर्षांच्या हिशेबाने हरत जातं, एवढाच त्याचा अर्थ.

राख वाचायची कशी

आता समजा गाडी जळून आली आहे. पहिलं काम पाना उचलायचं नाही. आणि प्रेशरचं पाणी तर मुळीच मारायचं नाही, कारण त्याने पुरावा धुऊन जातो.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग वाचतो, मग हात लावतो. जळालेल्या गाडीत लॉग म्हणजे वितळलेल्या वस्तू. प्रत्येक पदार्थ साधारण ठरलेल्या तापमानाला हार मानतो, त्यामुळे काय वितळलं आणि काय शाबूत राहिलं यावरून कुठल्या कोपऱ्यात किती उष्णता होती हे काढता येतं. पॉलिथिलीनची टाकी सव्वाशे अंशांच्या आसपास बसते. जुन्या कथील-शिशाच्या सोल्डरला १८३ अंश पुरतात. नायलॉनचे कपलर आणि क्लिपा त्यांच्या प्रकाराप्रमाणे २२० ते २६० दरम्यान ओघळतात. जस्ताचं ओतकाम ४२० च्या आगेमागे. ॲल्युमिनियम ६६०, मिश्रधातू असेल तर त्याच्या बरंच आधी मऊ. एफडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे बॉनेटला भोक पडलं असेल तर आग कुठे उभी होती हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच गाडीत समोरच्या कोपऱ्यातला नायलॉनचा कपलर जसाच्या तसा असेल, तर तिथलं बाकीचं सामानही बहुधा वाचलं आहे.

हे करताना हातमोजे हवेत, आणि ते कापडी नकोत. इंधनाच्या आणि तेलाच्या वाटेवरच्या काही ओ-रिंग फ्लोरिनयुक्त रबराच्या असतात. फार तापून त्यांचा चिकट काळा लगदा झाला असेल तर त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं. ते कातडीखाली उतरतं आणि त्याचं दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. व्हिडिओंमध्ये उघड्या हाताने काजळी पुसणारे लोक पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो.

दुसरा छुपा शत्रू आग विझवणारा. एबीसी प्रकारच्या सिलिंडरमधली पिवळसर पावडर म्हणजे मुख्यतः अमोनियम फॉस्फेट. कोरडी असेपर्यंत ठीक, पण ओल लागली की आम्लधर्मी होते आणि ॲल्युमिनियम, तांबं, कपलरच्या पिना खायला लागते. वायरींच्या पीव्हीसी आवरणातून जळताना निघालेला हायड्रोजन क्लोराइड वायू त्यात भर घालतो. तो आगीपासून लांब असलेल्या थंड धातूवर जाऊन बसतो. म्हणून जळालेल्या गाडीत आगीने न शिवलेला भाग सहा महिन्यांनी बिघडतो आणि कारण कोणाला उमगत नाही. आग विझल्यापासून गाडी किती दिवस उघड्यावर पडून होती, हा प्रश्न लिलावात किमतीच्या आधी विचारायला हवा.

इंजिन: ज्याची भीती वाटते पण जे मोजता येतं

१३बी इंजिन म्हणजे एक थर रचलेलं सँडविच आहे. पुढची बिडाची प्लेट, रोटर हाउसिंग, मधली बिडाची प्लेट, दुसरं रोटर हाउसिंग, मागची बिडाची प्लेट. हे सगळं १८ लांब बोल्टांनी एकमेकांवर आवळलेलं. रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत पोलादी पत्रा आणि त्यावर क्रोमचा मुलामा. थरांच्या मधे पाण्याच्या वाटेभोवती रबरी रिंगा.

आगीचा परिणाम काय होईल हे एका गोष्टीवर फार अवलंबून असतं: कूलंट आत होता की नव्हता. पाणी आत असेपर्यंत इंजिनाच्या गाभ्याचं तापमान त्याच्या उकळबिंदूच्या फार वर जात नाही. चहाच्या भांड्यातलं पाणी आटेपर्यंत भांडं लाल होत नाही, तसंच. पण आगीत वरचा होजपाइप आधी जळाला आणि पाणी वाहून गेलं, तर ॲल्युमिनियमची हाउसिंग उघडी पडते. त्यात अग्निशमनवाल्यांनी लालभडक बिडावर गार पाणी मारलं असेल तर तडा जाण्याची शक्यता आहेच. त्यांना दोष नाही, त्यांचं काम माणसं वाचवायचं.

म्हणून जळालेल्या एफडीचं इंजिन उघडायचंच. बाहेरून कितीही बरं दिसो. रबरी रिंगा, रोटरच्या ऑइल रिंगांमधल्या ओ-रिंग, कॉर्नर सीलमधले रबरी तुकडे, सगळं नवीन. अपेक्स सील, म्हणजे रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, त्यांच्या खाली बारीक पत्तीच्या स्प्रिंगा असतात. उष्णतेने स्प्रिंगेतला ताण निघून जातो आणि आकार मात्र तोच राहतो. नव्या घ्यायच्या, विचार करत बसायचं नाही.

मग मोजमाप. बिडाची प्लेट सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून बघतात. माझदाची मर्यादा ०.०४ मिलिमीटर. रोटर हाउसिंगची जाडी वेगवेगळ्या ठिकाणी मोजायची, फरक ०.०६ मिलिमीटरच्या आत हवा. क्रोम कडेला सोलवटलंय का ते डोळ्यांनी. बिडाला तडा आहे का ते रंग शोषून तडा दाखवणाऱ्या द्रवाने. यातलं काहीही अंदाजपंचे नाही. आकडा बसला तर बसला, नाही बसला तर तो भाग भंगारात.

आणि भंगारात गेला तरी मार्ग संपत नाही, कारण या इंजिनाचे बरेच भाग माझदा अजून विकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ साठी बंद पडलेले काही भाग तिने गेल्या काही वर्षांत पुन्हा बनवायलाही घेतले. किमती चांगल्याच चावतात, पण ‘मिळत नाही’ आणि ‘महाग मिळतं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा.

शेवटी कॉम्प्रेशन. रोटरीला साधा गेज चालत नाही, कारण एका रोटरला तीन बाजू आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा हवा. मिनिटाला २५० फेऱ्यांवर प्रत्येक बाजूला किमान सहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि एकाच रोटरच्या बाजूंमधला फरक दीडच्या आत. हे आकडे आले की इंजिनाचा विषय बऱ्यापैकी संपला.

जिथे आकडे मिळत नाहीत

खरं दुखणं इथून सुरू होतं. एफडी हलकी ठेवण्यासाठी माझदाने सस्पेन्शनच्या आर्म ॲल्युमिनियमच्या केल्या. ॲल्युमिनियमच्या अशा भागांची ताकद बहुतेक वेळा उष्णताप्रक्रियेतून येते, आणि दोनशे अंशांच्या वर काही काळ राहिलं की ती उतरायला लागते. वितळायची गरज नाही, वाकायची गरज नाही, रंगसुद्धा फार बदलत नाही. आर्म दिसायला तीच, बोल्टही बसतात, गाडी चालते. फक्त खड्ड्यात आदळल्यावर ती कशी वागेल हे सांगता येत नाही. काठिण्य मोजायचं यंत्र लावून तिच्याच न तापलेल्या भागाशी किंवा दुसऱ्या गाडीच्या आर्मशी तुलना करता येते. किती जण करतात? मी पाहिलेल्या पुनर्बांधणीच्या मालिकांमध्ये बहुतेकांनी वाळूचा मारा करून आर्म चकचकीत केल्या, पावडर कोटिंग मारलं आणि पुढे गेले. योगायोग असा की पावडर कोटिंग भट्टीतच पक्कं होतं, आधीच तापलेल्या ॲल्युमिनियमला आणखी एक फेरी.

ब्रेकचे होजपाइप, कॅलिपरच्या रबरी सील, एबीएसचा ठोकळा, स्टीअरिंग रॅकचे बूट, फायरवॉलमधून आत जाणाऱ्या प्रत्येक वायरीची रबरी ग्रोमेट: ही यादी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती व्हिडिओत दिसत नाही. पातळ पोलादी पत्रा आगीत लाटेसारखा वाकतो, जस्ताचा मुलामा उडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लागतो. फायरवॉल आणि पुढचे चॅसीस रेल जर त्या उष्णतेत गेले असतील तर माझ्या मते गाडीचा नाद सोडावा आणि इंजिन दुसऱ्या शेलमध्ये घालावं. हे मत अनेकांना पटणार नाही, कारण चॅसीस नंबर त्या शेलवर असतो आणि भाव चॅसीस नंबरला आहे.

कागदांचा आधार वाटून घेऊ नका. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीला ‘साल्व्हेज’ आणि दुरुस्तीनंतर ‘रीबिल्ट’ असा शेरा मिळतो, पण बऱ्याच राज्यांत त्यासाठी होणारी तपासणी प्रामुख्याने गाडीत चोरीचे भाग वापरलेत का हे बघते. सस्पेन्शनच्या आर्मचं काठिण्य तिथे कोणी विचारत नाही.

वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे माझं अंगण

बॉनेटखालच्या आगीत इंजिनाचा हार्नेस जातोच. अर्धा जळालेला हार्नेस तुकडे जोडून वापरणं म्हणजे पुढच्या आगीची सोय. आवरण शाबूत दिसतं तिथेही आतल्या तांब्यावर काळा थर चढलेला असू शकतो. काळा थर म्हणजे जास्त रोध, रोध म्हणजे उष्णता. आपल्याकडे नवीन गाडीला बाहेरून हॉर्न, हेडलाइट आणि म्युझिक सिस्टिम बसवताना कंपनीची वायर सोलून वर टेप गुंडाळतात, तिथेही याच रोधाचा प्रश्न असतो, फक्त छोट्या प्रमाणात. हार्नेस पूर्ण नवा हवा.

इथे एफडीचं नशीब बलवत्तर आहे. तिचा ईसीयू इंजिनाजवळ नाही, केबिनमध्ये आहे, त्यामुळे तो बऱ्याचदा वाचतो. आणि नाही वाचला तरी बिघडत नाही. चार इंजेक्टर, चार स्पार्क प्लग, शाफ्टचा कोन सांगणारे सेन्सर, हवेचा दाब, पाण्याचं तापमान, थ्रॉटल, नॉक सेन्सर. एखाद्या हुशार माणसाच्या डोक्यात मावेल एवढं सगळं. ऑस्ट्रेलियाच्या हॅलटेक किंवा न्यूझीलंडच्या लिंकसारख्या कंपन्यांचे ईसीयू त्या जागी बसतात. जुना ईसीयू नवीन भागाला ‘तू खरंच माझदाचा का?’ असं विचारत नाही. सेन्सरकडून व्होल्टेज आलं, की त्याच्यासाठी तो सेन्सर खरा.

रोटरीच्या दोन खास गरजा मात्र नव्या ईसीयूला शिकवाव्या लागतात. एक, प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, त्यातला दुसरा पहिल्याच्या काही अंश मागून पेटतो. दुसरी, ऑइल. अपेक्स सीलना वंगण मिळावं म्हणून रोटरी मुद्दाम थोडं ऑइल जाळते. एफडीत ते मोजून टाकणारा पंप ईसीयू चालवतो. नव्या ईसीयूने तो सांभाळला नाही तर पेट्रोलमध्ये लिटरमागे सात-आठ मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. आपल्याकडे ज्यांच्या घरी यामाहा आरएक्स १०० किंवा टू-स्ट्रोक चेतक होती त्यांना हे समजावायला नको.

एफडीचं मूळ टर्बो नियंत्रण, म्हणजे मॅनिफोल्डखालचं व्हॅक्यूम नळ्या आणि सोलेनॉइडचं जंजाळ, आगीत गेलं असेल तर बहुतेक जण एकच मोठा टर्बो बसवून मोकळे होतात. शुद्धतावादी नाकं मुरडतील, पण जळू शकणाऱ्या नळ्या डझनांनी कमी होतात हा फायदा मी कुठल्याही दिवशी घेईन.

आता ‘सुरू’ करण्याबद्दल. पेट्रोलची लाइन दाबाखाली घट्ट आहे का हे बघायला इंजिन चालवायची गरज नाही. पंपाला वेगळी वीज द्यायची, दाब चढवायचा, अर्धा तास टॉर्च घेऊन बघत बसायचं. मग इंजेक्टरचा फ्यूज काढून, स्पार्क न देता, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवायचा. त्यानंतर पहिली ठिणगी. ती लागली, इंजिन घरघरलं, की समजायचं परीक्षा सुरू झाली. कारण रोटरी आयडलवर मरत नाही. ती मरते ताण आल्यावर, मिश्रणात पेट्रोल कमी पडून डेटोनेशन झालं की, आणि मग अपेक्स सील क्षणात तुटते. तापून अर्धवट तुंबलेला एक इंजेक्टर त्यासाठी पुरतो. इंजेक्टर बाहेर काढून त्यांचा प्रवाह मोजून घेतलेला नसेल, तर त्या टाळ्यांना काही अर्थ नाही.

आणि उद्याची रोटरी?

आता पुन्हा बातमीकडे. आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाल्यानंतर माझदाची पहिली रोटरी २०२३ मध्ये एमएक्स-३० आर-ईव्ही मध्ये आली. ८३० सीसीचा एकच रोटर, चाकांना थेट न जोडलेला, फक्त १७.८ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसाठी वीज बनवणारा. इंजिन म्हणून ते आधीपेक्षा शहाणं आहे. अपेक्स सील दोनऐवजी अडीच मिलिमीटर जाडीची, इंधन थेट आत फवारलं जातं, बाजूच्या प्लेटा बिडाऐवजी ॲल्युमिनियमच्या, त्यामुळे १५ किलो वजन वाचलं.

हीच गाडी जळाली तर? बिडाच्या जागी आलेलं ॲल्युमिनियम उष्णतेला कमी दाद देईल, पण तो किरकोळ मुद्दा. मोठा मुद्दा बॅटरी. लिथियम बॅटरी विझल्यावर काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते, म्हणून अमेरिकेतल्या सूचनांप्रमाणे अशी अपघातग्रस्त गाडी इतर वस्तूंपासून पन्नास फूट लांब ठेवतात. शेकडो व्होल्टच्या केशरी वायरी घरच्या गॅरेजमध्ये सोलून बघायची गोष्ट नाही. आणि बॅटरीच्या सेलला फीलर गेज लागत नाही. बाहेरून नीट दिसणाऱ्या पॅकला आगीची झळ कितपत लागली, हे मुख्यतः त्याच्या नियंत्रकातल्या नोंदींवरून कळतं. त्या नोंदी वाचायची चावी कंपनीकडे.

चावीचाच प्रश्न पुढे वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर१५५ या वाहन सायबर सुरक्षा नियमाखाली युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना प्रमाणपत्र लागतं. हेतू रास्त आहे, चालत्या गाडीच्या नेटवर्कमध्ये कोणी बाहेरून घुसू नये हे मलाही हवंच. पण ते साधण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक कंट्रोलरने दुसऱ्याची डिजिटल सही तपासणं. सही जुळली नाही तर भाग नाकारणं. मग लिलावातून आणलेल्या दुसऱ्या गाडीचा इन्व्हर्टर बोल्टाला बोल्ट जुळूनही चालत नाही. एफडीत जळालेल्या ईसीयूच्या जागी हॅलटेक बसतो, तसं इथे मोटर, बॅटरी, ब्रेक आणि इंजिन एकमेकांशी बोलत असताना मधला एक जण परका बसवणं जवळजवळ अशक्य आहे.

हा लॉक लिहिणारे माझ्यासारखेच लोक असतात, त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. सुरक्षितता आणि दुरुस्ती यांत तांत्रिक वैर नाही. गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या संमतीने, नोंद ठेवून, नव्या भागाला सही देणारी पद्धत बनवता येते. कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपना ती आजही दिलेलीच असते. ती बाहेरच्या गॅरेजला कुठल्या अटींवर आणि किती वर्षं द्यायची, हा निर्णय व्यवसायाचा आहे, क्रिप्टोग्राफीचा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये गाडीच्या टेलिमॅटिक्स माहितीवर मालकाचा हक्क मान्य केला आणि कार कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं आणि सही करायची चावी देणं यात बरंच अंतर आहे.

एफडी आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, एमएक्स-३० आर-ईव्हीही नाही. पण सही तपासणारे कंट्रोलर आपल्या रस्त्यांवरच्या इलेक्ट्रिक स्कूटर आणि गाड्यांमध्ये येऊन बसलेत, त्यामुळे हा प्रश्न हिरोशिमाचा राहिलेला नाही. व्हिजन एक्स-कूपे उद्या खरंच विक्रीला आली, तर पत्रकारांनी माझदाला ताकद आणि वेगाआधी हे विचारावं, की उत्पादन थांबल्यानंतर तिच्या कंट्रोलरना सही देणारे सर्व्हर किती वर्षं चालू राहतील. माझदाने जुन्या आरएक्स-७ चे भाग पुन्हा बनवून दाखवलेत, म्हणून हा प्रश्न इतर कंपन्यांपेक्षा तिला विचारण्यात अर्थ आहे.

तोपर्यंत ज्या एफडी अजून जळालेल्या नाहीत त्यांचं बघायला हवं. २०२७ मध्ये अमेरिकेच्या बंदरात उतरणाऱ्या स्पिरिट आरचे पेट्रोलचे होजपाइप कोणी बदललेले नसतील, तर ते त्या दिवशी पंचवीस वर्षांचे असतील. बदलायला वरचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. शनिवार-रविवारचं काम आहे.